नव्या फिशटँकमधील गढूळ पाणी : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी पहिल्यांदाच फिशटँक मांडणाऱ्यांना पहिल्या महिन्याभरात जे प्रश्न पडतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे गप्पी, मॉली, टेट्रा, गोल्डफिश अशा गोड्या पाण्यातील नेहमीच्या माशांना धरून लिहिली आहेत. नागपूरचे पाणी, येथील उन्हाळा आणि येथे सहज मिळणारे साहित्य यांचाही त्यांत विचार केला आहे.

पाणी गढूळ झाले आहे. कारण कसे ओळखावे?

उपायाला हात घालण्याआधी कारण ओळखणे आवश्यक आहे, कारण एका गढूळपणावरचा उपाय दुसऱ्या प्रकारचा गढूळपणा वाढवू शकतो. सर्वांत आधी गढूळपणा केव्हा आला ते आठवावे. पाणी भरताक्षणीच ते धूसर झाले असेल तर ती रेतीची किंवा दगडगोट्यांची धूळ असते. भरल्यावर पाणी स्वच्छ होते आणि दोन ते चार दिवसांनी दुधाळ झाले, तर ती जिवाणूंची वाढ असते. दोन-तीन आठवड्यांनी हिरवट झाक आली, तर ते सूक्ष्म शेवाळ असते. लाकूड टाकल्यानंतर पाणी चहाच्या रंगाचे झाले, तर तो लाकडातून उतरलेला रंग असतो.

वेळेवरून उलगडा होत नसेल तर काचेच्या स्वच्छ पेल्यात टँकचे पाणी घेऊन, पेल्यामागे पांढरा कागद धरून पाहावे आणि पेला रात्रभर न हलवता ठेवावा. सकाळी तळाशी थर बसून वरचे पाणी निवळले असेल तर गढूळपणा खनिज धुळीचा आहे. पाणी जसेच्या तसे दुधाळ राहिले असेल तर जिवाणूंचा आहे. कधीकधी दाबाने येणाऱ्या नळाच्या पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे मिसळल्यामुळेही ते पांढरे दिसते. असे पाणी काही मिनिटांतच तळाकडून वरच्या दिशेने निवळत जाते आणि त्यासाठी काहीही करावे लागत नाही.

रेती दोनदा धुतली होती, तरीही पाणी धूसर का?

दोनदा धुणे बहुधा पुरत नाही. आपल्याकडे बांधकामासाठी वापरली जाणारी कन्हानची रेती टँकमध्ये घालण्याचा प्रघात आहे आणि ती वापरायला हरकतही नाही. मात्र तिच्यात माती व अभ्रकासारखे बारीक कण पुष्कळ असतात. रेती चाळून घ्यावी, नंतर बादलीत थोडी थोडी घेऊन, हाताने ढवळून, वरचे पाणी ओतून द्यावे आणि ओतलेले पाणी पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहावे. धुताना साबण किंवा डिटर्जंट अजिबात वापरू नये. दुकानातील रंगीत खडे धुताना पाण्याला रंग येत असेल तर ते खडे टँकमध्ये घालूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी भरताना रेतीवर एक ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडली तर रेती उसळत नाही. धूळ आधीच मिसळली असेल तर फिल्टरमध्ये पांढरा फिल्टर-कापूस घालून तो रोज बदलावा. एक-दोन दिवसांत फरक दिसतो.

संगमरवराचे तुकडे, शिंपले किंवा चुनखडीचे दगड सजावटीसाठी घातले असतील तर ते पाण्यात हळूहळू विरघळून त्याचा जडपणा (क्षारांचे प्रमाण) आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचे माप) वाढवतात. दगडावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकल्यावर फेस आला, तर तो दगड चुनायुक्त आहे असे समजावे.

चौथ्या दिवशी पाणी दुधासारखे झाले. असे का होते?

नव्या टँकमध्ये हे इतक्या वेळा घडते की ते टँक मांडण्याच्या प्रक्रियेचाच भाग मानायला हवे. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, लाकूड आणि वनस्पतींचे कुजके भाग यांतून सेंद्रिय पदार्थ पाण्यात मिसळतात. त्यांवर जगणारे जिवाणू अनुकूल परिस्थितीत तासाभरातही दुप्पट होऊ शकतात. जुन्या टँकमध्ये फिल्टर, रेती आणि काच यांवर जिवाणूंच्या वसाहती आधीच बसलेल्या असतात व उपलब्ध अन्न त्यांच्यात वाटले जाते. नव्या टँकमध्ये तशी वसाहत नसल्याने हे जिवाणू मोकळ्या पाण्यातच बेसुमार वाढतात आणि त्यांच्या संख्येमुळे पाणी दुधाळ दिसते.

त्याच वेळी दुसऱ्या गटातील जिवाणू फार सावकाश वाढत असतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्रोसोमोनास आणि त्यांच्या जातकुळीतील जिवाणू नायट्राइटमध्ये रूपांतर करतात आणि नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही माशांना विषारी आहेत, तर नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसले जाते आणि पाणी बदलून कमी करता येते. या दुसऱ्या गटाची संख्या दुप्पट व्हायला अनुकूल स्थितीतही बहुधा अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागतो. म्हणून दुधाळपणा लवकर येतो आणि टँक माशांसाठी खऱ्या अर्थाने तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात.

हे दुधाळ पाणी माशांना अपायकारक आहे का?

दुधाळ दिसण्याने माशांना काही होत नाही. अपाय त्याच्या सोबतीने येणाऱ्या दोन गोष्टींनी होतो. पहिली म्हणजे ऑक्सिजनची टंचाई. वाढणारे जिवाणू पाण्यातील ऑक्सिजन वापरतात आणि रात्री वनस्पतीही तो वापरत असल्याने पहाटे तो सर्वांत कमी असतो. सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत असतील तर एअर पंप लगेच सुरू करावा किंवा फिल्टरची धार अशी वळवावी की पृष्ठभाग सतत हलता राहील.

दुसरी गोष्ट अमोनियाची, आणि ती अधिक गंभीर आहे, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात तो दोन रूपांत असतो आणि त्यांतले मुक्त अमोनियाचे रूप विशेष विषारी असते. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का भाग या विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग सुमारे ५ टक्के होतो आणि तापमान ३० अंशांवर गेले की ७ टक्क्यांच्याही पुढे जातो. म्हणजे जड, अल्कधर्मी पाण्याच्या टँकमध्ये, उन्हाळ्यात, तितकाच कचरा कितीतरी पट घातक ठरतो. बोअरच्या पाण्यावर टँक चालवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

सगळे पाणी काढून टँक पुन्हा धुऊन भरला तर?

असे करू नये. सगळे पाणी बदलले, रेती धुतली आणि फिल्टर नळाखाली पिळला की पृष्ठभागांवर नुकतेच बसू लागलेले उपयुक्त जिवाणू निघून जातात, उरलेले नळातील क्लोरीनने मरतात आणि तीच प्रक्रिया पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होते. दर आठवड्याला टँक पूर्ण धुणाऱ्या घरांत पाणी कायम गढूळ राहते आणि मासे कायम मरत राहतात, ते बहुतेक याच कारणाने. ही सवय आपल्याकडे घराघरांत दिसते आणि ती स्वच्छतेच्या चांगल्या हेतूनेच लागलेली असते, म्हणून तिच्याविषयी इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

टँकमध्ये मासे असतील तर दर दुसऱ्या दिवशी वीस ते पंचवीस टक्के पाणी बदलावे; नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टँकमधील पाण्याच्या तापमानाचे असावे. मासे नसतील तर पाणी न बदलता फिल्टर चालू ठेवून वाट पाहावी. दुधाळपणा बहुधा काही दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांत ओसरतो.

कोणते पाणी भरावे : नळाचे, बोअरचे की आरओचे?

नागपूर शहराला पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी शुद्ध करून पुरवले जाते. टँकसाठी हे नळाचे पाणी सर्वांत सोयीचे, असे माझे मत आहे. त्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत पोचणाऱ्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम राहणे अपेक्षित आहे. आपल्याला हे प्रमाण सोसते, पण माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधील जिवाणूंना तेही त्रासदायक असते. पाणी उघड्या बादलीत किंवा ड्रममध्ये २४ तास ठेवल्यास, शक्य असेल तर त्यात एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडल्यास, क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन वापरावे. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते आणि ते क्लोरीन लगेच निष्प्रभ करते. मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच घ्यावी.

सोसायटीच्या गच्चीवरील टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल, तर पुढचे एक-दोन दिवस त्या टाकीचे पाणी फिशटँकमध्ये घालू नये. टँकरच्या पाण्याबाबतही हीच सावधगिरी बाळगावी, कारण त्यातील क्लोरीनचे प्रमाण दर फेरीला वेगळे असू शकते.

शहराच्या कडेच्या अनेक वस्त्यांत बोअरशिवाय पर्याय नसतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, मात्र ते बहुतेक ठिकाणी जड असते. उपसल्यानंतर त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वाढतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे कण वेगळे होऊ लागतात. गीझरमध्ये आणि बादलीच्या कडेला साचणारा पांढरा थर हाच. असे पाणी टँकमध्ये लगेच भरले तर पहिल्या दिवशी फिकट धूसरपणा येतो आणि काचेवर पाण्याच्या रेषेत पांढरे डाग पडतात. ते एक दिवस ड्रममध्ये हवा सोडून ठेवावे आणि वरचे निवळलेले पाणी वापरावे. गप्पी आणि मॉली जड पाण्यात उत्तम राहतात, म्हणून बोअरच्या पाण्यावर हेच मासे पाळणे शहाणपणाचे ठरते.

आरओच्या पाण्यात क्षार अत्यल्प असल्याने त्याचा पीएच स्थिर राहत नाही. फार जड बोअरच्या पाण्यात निम्मे आरओचे पाणी मिसळायला हरकत नाही, पण निव्वळ आरओच्या पाण्याने टँक भरू नये.

तुरटी फिरवली तर पाणी निवळेल का? दुकानदाराने निळे औषधही दिले आहे.

निवळेल, पण तुरटी वापरू नये. जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटी वापरतात, मात्र तिथे पाण्याची तपासणी करून मात्रा ठरते आणि तयार झालेला गाळ तळाशी बसवून व पाणी गाळून वेगळा केला जातो. घरच्या टँकमध्ये तो गाळ माशांच्या कल्ल्यांवर बसतो, तुरटी पाण्याची अल्कधर्मिता (आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवण्याची क्षमता) खर्च करते आणि पीएच अचानक घसरू शकतो. शिवाय जिवाणूंचे अन्न तसेच राहिल्याने दुधाळपणा परत येतो.

निळे औषध बहुधा मेथिलिन ब्लू असते. बुरशी आणि काही परजीवींवर ते उपयोगी आहे, पण ते वेगळ्या भांड्यात, आजारी माशाला द्यायचे असते. मुख्य टँकमध्ये घातल्यास ते अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाही मारते. निरोगी माशांच्या नव्या टँकमध्ये ‘खबरदारी म्हणून’ औषध घालण्याची काहीच गरज नसते.

रात्री फिल्टर बंद ठेवला तर चालेल का?

नाही. फिल्टरमधील स्पंज हे उपयुक्त जिवाणूंचे घर आहे आणि त्यांना वाहत्या पाण्यातून सतत ऑक्सिजन लागतो. फिल्टर काही तास बंद राहिला की ते मरू लागतात आणि सकाळी तो सुरू करताच साचलेली घाण टँकमध्ये येते. ५ वॅटचा छोटा फिल्टर चोवीस तास चालवला तरी महिन्याला चार युनिटपेक्षा कमी वीज लागते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये साधारण ५० लिटर पाणी मावते. त्यासाठी तासाला २०० ते २५० लिटर पाणी फिरवणारा फिल्टर पुरेसा होतो. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवावा.

किती मासे सोडावेत आणि केव्हा?

शक्य असेल तर पहिल्या दिवशी एकही सोडू नये. टँक, दगड, वनस्पती आणि मासे एकाच दिवशी घरी आणण्याची हौस स्वाभाविक आहे, विशेषतः घरात मुले असतील तर. तरी माशांच्या जिवासाठी ती आवरावी, असे मी मनापासून सुचवतो. मासे नसतानाही जिवाणूंना अमोनिया लागतो, म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ओळखीच्या कोणाच्या निरोगी, जुन्या टँकमधील वापरातला स्पंज मिळाला तर तो ओलाच, टँकच्याच पाण्यात ठेवून आणावा आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. बाजारातील कोणत्याही बाटलीपेक्षा याचा भरवसा अधिक आहे, आणि चार-सहा आठवड्यांचा काळ त्याने बराच कमी होतो.

मासे आधीच सोडले असतील तर ५० लिटरच्या टँकमध्ये सुरुवातीला चार-पाच गप्पींपेक्षा जास्त नसावेत. गोल्डफिश या आकारात ठेवूच नयेत. ते मोठे होतात, खूप घाण करतात आणि त्यांना तुलनेने थंड पाणी मानवते. फुटाळा किंवा अंबाझरी तलावातून वनस्पती, गाळ किंवा मासे आणून टँकमध्ये टाकू नयेत, कारण त्यांच्यासोबत परजीवी येतात. दुकानातील हायड्रिला किंवा वॅलिस्नेरिया या पाणवनस्पती धुऊन लावल्यास त्या अमोनिया शोषतात आणि खऱ्या अर्थाने मदत करतात.

खाद्य किती द्यावे?

दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. पाणी दुधाळ असेपर्यंत एक दिवसाआड दिले तरी निरोगी, मोठे मासे उपाशी मरत नाहीत. खाद्याचा डबा घरातल्या एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावा. आजी, आजोबा आणि मुले यांनी प्रत्येकी प्रेमाने चिमूटभर टाकले की त्याचे मूठभर होते.

पाणी हिरवे झाले आहे.

प्रकाश जास्त आहे. गॅलरीतून थेट ऊन येत असेल तर टँक हलवावा किंवा पडदा लावावा, दिवा दिवसातून सहा ते आठ तासच ठेवावा आणि खाद्य कमी करावे. तरीही हिरवेपणा हटत नसेल तर तीन-चार दिवस टँक चादरीने पूर्ण झाकून, एअर पंप चालू ठेवून, नंतर एक चतुर्थांश पाणी बदलावे. यूव्ही क्लॅरिफायर (अतिनील प्रकाशाने पाण्यातील शेवाळ मारणारे उपकरण) या तक्रारीवर उत्तम चालतो.

लाकूड घातल्यावर पाणी पिवळसर तपकिरी झाले.

लाकडातील टॅनिनचा हा रंग निरुपद्रवी आहे. लाकूड आधी काही दिवस भिजवून, पाणी बदलत राहिल्यास तो कमी उतरतो, आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घातल्यास उतरलेला रंगही निघतो. जिवाणूंच्या दुधाळपणावर मात्र हा कोळसा फारसा उपयोगी नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात नवा टँक मांडावा का?

शक्यतो पावसाळ्यानंतर मांडावा. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर जातो आणि वरच्या मजल्यावरील बंद खोलीत टँकचे पाणी ३३-३४ अंशांपर्यंत सहज तापते. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३५ अंशांना तो सुमारे ७ मिलिग्रॅम उरतो. नेमक्या याच वेळी मासे व जिवाणू दोघांचीही ऑक्सिजनची गरज वाढलेली असते आणि अमोनियाचा विषारी भागही वाढतो. त्यात नव्या टँकचा दुधाळपणा आला तर मासे जगवणे अवघड होते.

तरीही मांडायचाच असेल तर कूलर असलेल्या, ऊन न येणाऱ्या खोलीत मांडावा. झाकण काढून, जाळी लावून, पृष्ठभागावर छोटा पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. खोलीत कूलरचा दमटपणा जास्त असेल तर हा परिणाम कमी होतो, म्हणून खिडकी थोडी उघडी ठेवावी. उडालेल्या पाण्यासोबत क्षार जात नाहीत, ते टँकमध्येच राहतात. केवळ वरून पाणी भरत राहिल्यास जडपणा वाढत जातो, म्हणून भर घालण्यासोबत दर आठवड्याला थोडे पाणी काढून बदलणेही आवश्यक आहे. बर्फाचे तुकडे थेट टँकमध्ये टाकू नयेत, कारण अचानक उतरलेले तापमान माशांना उष्णतेइतकेच मारक असते.

हिवाळ्यात उलट काळजी घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येतो, तेव्हा गप्पी-टेट्रांच्या ५० लिटरच्या टँकमध्ये ५० वॅटचा हीटर लावून पाणी २४-२५ अंशांवर ठेवावे. थंड पाण्यात उपयुक्त जिवाणूही सावकाश वाढतात आणि टँक तयार व्हायला अधिक दिवस लागतात.

पाणी काचेसारखे स्वच्छ झाले होते, तरी मासे का मेले?

कारण पाणी नितळ असणे आणि पाणी सुरक्षित असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुधाळपणा ओसरतो तेव्हा मोकळ्या पाण्यातील जिवाणूंचे अन्न संपलेले असते. अमोनिया पचवणारी वसाहत त्या वेळी अर्धवटच असू शकते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अमोनिया घटू लागतो आणि नायट्राइट वाढू लागते. तेव्हा पाणी अगदी नितळ असते, घरचे सर्व जण आनंदाने आणखी मासे आणतात आणि दोन दिवसांत ते दगावतात. नायट्राइट माशांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवते, त्यामुळे एअर पंप चालू असूनही मासे धापा टाकतात.

यावर डोळ्यांचा भरवसा चालत नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारे थेंबांचे टेस्ट किट घ्यावे. महागड्या सजावटीआधी हा खर्च करावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. अमोनिया व नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दाखवत असतील आणि त्याच काळात नायट्रेट वाढत असेल, तर टँक तयार झाला. त्यानंतरही एका वेळी दोन-तीनच मासे वाढवावेत आणि पुढची भर दोन आठवड्यांनी घालावी. किट मिळाले नाही तर निदान सहा आठवडे थांबावे.

सर्व ठीक चालले होते, दोन महिन्यांनी पाणी पुन्हा दुधाळ झाले. आता काय?

आधी मासे मोजावेत. एखादा दगडामागे किंवा वनस्पतीत मरून पडलेला असतो आणि तो काढताच दोन-तीन दिवसांत पाणी सुधारते. सर्व मासे जिवंत असतील तर मागच्या आठवड्यात काय बदलले ते आठवावे : फिल्टर नळाखाली धुतला का, औषध घातले का, पाहुण्यांनी जास्त खाद्य टाकले का, वीज बराच वेळ गेली होती का, एकदम बरेच नवे मासे आणले का. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलक्या हाताने दाबून घ्यावा. दोन स्पंज असतील तर दोन्ही एकाच दिवशी धुऊ नयेत. रेतीत साचलेली घाण नळीने वर ओढताना एका वेळी निम्माच तळ साफ करावा आणि उरलेला पुढच्या आठवड्यात.